अंधारात लिहिलेली वही

सिनेमाला जाताना वही-पेन घेऊन निघालेला माणूस मी आजवर एकच पाहिलाय. तो माझा धाकटा भाऊ. तारीख १५ जुलै २०११. हॅरी पॉटरचा आठवा आणि शेवटचा सिनेमा त्या दिवशी लागला होता. मी एकवीस वर्षांची, तो तेरा. निघताना त्याच्या खिशातून वहीचं टोक डोकावताना दिसलं. "हे कशाला रे?" म्हटलं, तर म्हणे, "ताई, चुका लिहायच्यात."

चुका म्हणजे पुस्तकात एक आणि पडद्यावर भलतंच. आधीच्या सात सिनेमांतल्या चुका त्याला तोंडपाठ होत्या, पण घरी येईपर्यंत निम्म्या विसरायला होतं ही त्याची खंत होती. आता ही शेवटची संधी. यापुढे चुका करायलाही कुणी सिनेमा काढणार नव्हतं, अशी तेव्हा आमची समजूत होती.

या त्याच्या वेडाचं मूळ माझ्यातच आहे, हे कबूल करायला हवं. सातवं पुस्तक २१ जुलै २००७ला आलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. एवढं जाडजूड इंग्रजी पुस्तक त्याला एकट्याला झेपणारं नव्हतं आणि थांबायचीही तयारी नव्हती. मग रोज रात्री मी पान समोर धरायचे आणि त्याला थेट मराठीत सांगायचे. कधी कंटाळा आला की एखादा परिच्छेद हळूच गिळून टाकायचे. ते त्याला बरोबर कळायचं. मजकुरावरून कसं कळणार, पानं उलटण्याच्या वेगावरून. "हे पान लवकर संपलं," म्हणायचा. पुढे दोन वर्षांनी स्वतः वाचायला लागला, तेव्हा सिनेमावाल्यांच्या आधी त्याने माझ्या चुका काढल्या. त्या एकंदर बऱ्याच होत्या.

त्यातली एक मला अजून छळते. हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेचा मुख्याध्यापक डम्बलडोर तिथल्या शिक्षकाला, स्नेपला, विचारतो, इतक्या वर्षांनीही लिलीवर, हॅरीच्या मेलेल्या आईवर, तेवढंच प्रेम आहे? आणि स्नेप एका शब्दात उत्तर देतो. 'ऑल्वेज.' त्या रात्री मी घाईत 'नेहमीच' म्हणून गेले, आणि शब्द तोंडातून निघताक्षणीच चुकल्याचं कळलं. 'नेहमीच' आपण कशाला म्हणतो? नेहमीचाच उशीर, नेहमीचीच रड. 'कायम' म्हटलं तर नोकरीचा वास येतो. 'सदैव' थेट श्रद्धांजलीच्या मजकुरातून उठून आल्यासारखा. 'अजूनही' जवळचा आहे, पण त्यात एक आश्चर्य लपलेलं असतं, आणि स्नेपच्या आवाजात आश्चर्याचा मागमूस नाही. मी चारही शब्द एकामागोमाग म्हणून पाहिले. भाऊ अंथरुणात उठून बसला आणि म्हणाला, "तू इंग्लिशमध्येच सांग." त्या संपूर्ण पुस्तकात मी मराठीत न आणता ठेवलेला तो एकच शब्द.

तर सिनेमा. त्याच्या आठवडाभर आधी, ७ जुलैला, लंडनमध्ये प्रीमिअर झाला. ट्रफाल्गर स्क्वेअरमध्ये, नेल्सनच्या स्तंभाखाली. यूट्यूबवर त्याचं थेट प्रक्षेपण होतं आणि आम्ही दोघं लॅपटॉपसमोर ठाण मांडून बसलो होतो. काही लोक तिथे कित्येक दिवस आधीपासून मुक्कामाला होते. पावसात तंबू ठोकून, अंगावर शाळेचे झगे चढवून, कपाळावर विजेच्या आकाराची खूण काढून. मंचावर लेखिका जे. के. रोलिंग आणि सिनेमातली तिन्ही मुलं, डॅनियल रॅडक्लिफ, रूपर्ट ग्रिंट, एमा वॉटसन. एमाला बोलताना रडू आवरेना. आपल्याहून जेमतेम काही महिन्यांनी मोठी असलेली ही मुलगी वयाच्या दहाव्या वर्षी या सगळ्यात शिरली आणि आज तिची शाळा खरोखरच सुटतेय, हे बघताना माझंही चित्त ठिकाणावर राहिलं नाही. रोलिंगबाईंनी जमावाला सांगितलं की पुस्तक उघडा नाहीतर पडदा, हॉगवर्ट्स तुमचं स्वागत करायला कायम तिथे असेल. चौकातून जो आवाज उठला त्याला टाळ्या म्हणता येणार नाही. निरोपसमारंभात कुणीतरी भाषण मध्येच सोडून गळ्यात पडतं, त्या जातीचा तो आवाज होता.

भावाची प्रतिक्रिया: "पण आधी पिक्चर तर बघू दे."

थिएटरमध्ये त्याची पंचाईत झाली ती चष्म्यामुळे. मालिकेतला हा एकच सिनेमा अख्खा थ्रीडीत होता. स्वतःच्या चष्म्यावर तो थ्रीडीचा चष्मा चढवायचा, मग वहीत लिहायला तो कपाळावर सरकवायचा, मग पुन्हा खाली. तेवढ्यात दुसरी चूक निघून जायची. शेजारच्या बाईंनी दोनदा वळून पाहिलं. वही दिसत नव्हतीच, त्यामुळे तो अंदाजाने लिहीत होता आणि ओळ बदलली की नाही हे अंगठ्याने चाचपत होता. चित्रपट १३० मिनिटांचा, आठांमधला सर्वांत छोटा. ही त्याची पहिली तक्रार सिनेमा सुरू होण्याआधीच लिहून झाली होती: एका पुस्तकाचे दोन सिनेमे करता आणि वर शेवटचा सगळ्यात लहान?

आता डोळ्यांचं सांगते. चाहत्यांच्या रागाला बाहेरचे लोक पोरकटपणा म्हणतात, त्यांना हे उदाहरण द्यावंसं वाटतं.

पहिल्या पुस्तकापासून हॅरीला जो भेटेल तो एकच वाक्य ऐकवतो. हुबेहूब बापासारखा आहेस, फक्त डोळे आईचे. हिरवे. इतक्यांदा येतं हे, की वाचणाऱ्याला ते कौतुकाचं पालुपद वाटायला लागतं. सातव्या पुस्तकात स्नेप मरताना हॅरीला आपल्याकडे बघायला सांगतो, आणि पुढच्या प्रकरणात कळतं की त्याला हॅरी बघायचा नव्हताच. त्याला लिलीचे डोळे बघायचे होते. म्हणजे सहा पुस्तकं जी गोष्ट आपण सवयीने ओलांडत आलो तीच किल्ली निघते. बाईंची कारागिरी अशा ठिकाणी दिसते.

हॅरी झालेल्या रॅडक्लिफचे डोळे निळे. पहिल्या सिनेमाच्या वेळी हिरव्या लेन्स लावून पाहिल्या होत्या, पण त्याच्या डोळ्यांना त्या सोसेनात. मग निर्मात्याने रोलिंगना विचारलं आणि त्यांनी सांगितलं की रंग महत्त्वाचा नाही, आईच्या डोळ्यांशी मेळ बसला म्हणजे झालं. अतिशय शहाणं उत्तर. पुस्तक आणि सिनेमा यांच्यात अशीच तडजोड व्हायला हवी: रंग सोडा, नातं ठेवा. दहा वर्षांनी शेवटच्या सिनेमात स्नेपच्या आठवणींमध्ये छोटी लिली येते. कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ जातो. डोळे तपकिरी. आणि त्याच्या थोडंच आधी मरणारा स्नेप निळ्या डोळ्यांच्या हॅरीला म्हणालेला असतो की तुझे डोळे अगदी तुझ्या आईसारखे आहेत. हे वाक्य पुस्तकात त्याच्या तोंडी नाही. सिनेमाने ते मुद्दाम घातलं, ज्यांनी पुस्तक वाचलं नाही त्यांना कळावं म्हणून. आधी बोट दाखवून सांगायचं आणि मग जिथे बोट दाखवलं तिथेच घसरायचं! शेकडो कारागीर, कोट्यवधींचा खर्च, एकेका जादूच्या कांडीची वेगळी नक्षी, आणि एका मुलीच्या डोळ्यांकडे कुणी पाहू नये?

शेजारी पेन कागदावर जोरात घासल्याचा आवाज आला. भावाने काहीतरी लिहिलं, खाली रेघ मारली, पुन्हा मारली.

त्याच प्रसंगात थिएटर रडत होतं, हेही लिहायला हवं. स्नेप झालेला ॲलन रिकमन मेलेल्या लिलीला छातीशी धरून बसतो आणि मागे पाळण्यात पोर रडतंय. पुस्तकात स्नेप लिली मेली त्या रात्री तिच्या घरात गेल्याचा उल्लेखही नाही, हा निव्वळ सिनेमाचा उद्योग. चाहत्यांमध्ये यावरून दोन तट पडले ते आजतागायत आहेत. एकांचं म्हणणं, संपूर्ण मालिकेतला हा सर्वोत्तम क्षण. दुसऱ्यांचं म्हणणं, समोर जिवंत पोर आक्रोश करतंय आणि हा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, यात प्रेम कसलं दिसतं? मी दुसऱ्या तटातली आहे, आणि तरी त्या प्रसंगात मी रडले. रिकमनचा दोष. त्याला रोलिंगनी फार आधी, शेवटची पुस्तकं लिहून व्हायच्याही आधी, स्नेपचं गुपित थोडंसं सांगून ठेवलं होतं. बाकी कुणालाही ठाऊक नसलेली गोष्ट पोटात ठेवून तो माणूस वर्षानुवर्षं दुष्ट दिसत राहिला. पुन्हा पहिला सिनेमा लावून नुसत्या त्याच्याकडे बघा, वेगळाच सिनेमा दिसतो. या भूमिकेसाठी त्याला ऑस्करचं साधं नामांकनही मिळालं नाही. सिनेमाला तीन नामांकनं होती, कला दिग्दर्शन, मेकअप आणि व्हिज्युअल इफेक्ट्सची, आणि त्यातलंही एक पदरात पडलं नाही. पहिल्या सिनेमापासूनच्या चाहत्यांनी हा राग कधी सोडलेला नाही, आणि सोडूही नये.

पुढची लढाई मी भराभर सांगते, कारण ती सिनेमानेही भराभर उरकली. हॅरीचा मित्र रॉन, त्याचा भाऊ फ्रेड मरतो तो क्षण पडद्यावर नाहीच, थेट प्रेत. हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल तलवार काढतो तेव्हा थिएटरमध्ये शिट्ट्या. रॉनची आई मॉली वीज्ली पोरीसाठी पुढे येते तेव्हा त्याहून जोरात.

मग शेवटची झुंज. इथे मात्र भावाचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं आणि आज जास्त पटतं. पुस्तकात हॅरी आणि त्याच्या आईबापांचा खुनी व्होल्डेमॉर्ट शाळेच्या ग्रेट हॉलमध्ये समोरासमोर येतात, सगळ्यांच्या देखत. हॅरी त्याला टॉम रिडल म्हणून हाक मारतो, त्याचं आईने ठेवलेलं नाव घेऊन. आणि तो पडतो. माणूस पडतो तसा. मागे प्रेत उरतं, चारचौघांसारखं. मरणाला चुकवायला ज्याने आत्म्याचे तुकडे केले त्याला शेवटी अगदी साधं मरण यावं, याहून मोठी शिक्षा नाही. सिनेमात दोघं एकटेच अंगणात, आणि व्होल्डेमॉर्टच्या कागदासारख्या कपच्या होऊन हवेत उडून जातात. दिसायला सुंदर. थ्रीडीत तर त्या अंगावर येतात. पण आत कुणालाच कळत नाही काय झालं ते, आणि पुरायला काही उरत नाही. दिग्दर्शक डेव्हिड येट्सला भव्यता हवी होती, हे समजू शकतं. तेरा वर्षांच्या पोराला त्याऐवजी प्रेत हवं होतं, आणि माझ्या मते गोष्ट त्या पोराला जास्त कळली होती.

हॅरी ती सर्वशक्तिमान कांडी मोडून पुलावरून फेकून देतो, तेव्हा भाऊ पुटपुटला, "आधी स्वतःची जोड ना!" पुस्तकात तो तसंच करतो. सगळ्यात बलवान कांडी हातात असताना तिचा उपयोग एकच: आपली जुनी मोडलेली कांडी सांधून घेणं. सिनेमातला हॅरी आपल्या कांडीला विसरून जातो. घाईत असेल.

आणि मग ते दृश्य. एकोणीस वर्षांनंतर. किंग्ज क्रॉस स्टेशन, पावणेदहा नंबरचा प्लॅटफॉर्म, सगळे सदतिशीच्या आसपास, आपापल्या पोरांना शाळेच्या गाडीत बसवायला आलेले. हे दृश्य त्यांनी दोनदा चित्रित केलं होतं, आधी खऱ्या स्टेशनवर आणि डिसेंबर २०१०मध्ये पुन्हा लीव्ज्डनच्या स्टुडिओत. इतकं करूनही विशी-एकविशीचे नट सदतिशीचे दिसेनात. रॉनच्या पोटावर जरा उशी बांधल्यासारखी. हॅरीचा शाळेतला वैरी ड्रेको, त्याला दाढी. थिएटरमध्ये आधी एक खुदकन आवाज आला, मग मागच्या रांगेतून दुसरा, आणि मग सगळं थिएटर हसायला लागलं. थट्टेने नाही, पण मोकळेपणाने. दहा मिनिटांपूर्वी रडलेले लोक होते ते. मीही हसले. खरं सांगायचं तर आमच्या रांगेत पहिली मीच हसले.

तेवढ्यात पहिल्या सिनेमातलं जुनं संगीत सुरू झालं. या सिनेमाचं संगीत ॲलेक्झांडर डेस्प्लाचं, पण शेवटाला त्यांनी जॉन विल्यम्सची ती २००१ची धून आणून ठेवली होती, पहिलं वर्ष संपवून मुलं घरी निघतात तेव्हाची. हसणारे पुन्हा गप्प झाले. दिवे लागले तरी कुणी उठेना. झाडणारा माणूस झाडू टेकवून दारात उभा राहिला.

जगभरात या सिनेमाने १३० कोटी डॉलरच्या वर धंदा केला. तो आकडा ऐकला की मला ते दारातले झाडूवाले दादा आठवतात. त्यांना पुढच्या खेळाआधी थिएटर रिकामं करायचं होतं आणि आम्ही उठत नव्हतो.

घरी आल्यावर वही उघडली. नाटकच झालं. अंगठ्याने ओळी चाचपायची युक्ती पार फसली होती. त्याने ओळीवर ओळ, ओळीवर ओळ लिहिली होती. पान म्हणजे कोळ्याचं जाळं. त्याला स्वतःलाच वाचता येईना, आणि संतापून तो जवळजवळ रडकुंडीला आला. दोघांनी मिळून दिव्याखाली तिरकं धरून पाहिलं. लागलेले शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. 'जागा', म्हणजे स्नेप पुस्तकात भुताळी झोपडीत मरतो आणि सिनेमात बोटहाउसमध्ये. मग 'डोळे', खाली दोन रेघा, कागद फाटेल इतक्या दाबून. त्यानंतर एक अख्खं कोरं पान. त्याच्या पुढे 'प्रेत?'. मग 'कांडी'.

मधलं पान कोरं कसं, विचारलं. स्नेपच्या आठवणींपासून ती झुंज संपेपर्यंत चुका काय थोड्या होत्या? "लिहायचं राहिलं," म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला. माझ्या कानाने मला सिनेमात सांगितलं होतं की पेन थांबलंय. मी त्याच्याकडे वळून पाहिलं नव्हतं, एवढीच अक्कल दाखवली.

आणि शेवटच्या पानावर, प्लॅटफॉर्मच्या उजळ दृश्यात पडद्याचा प्रकाश वहीवर आला असणार म्हणून स्वच्छ, वळणदार अक्षरात:

'लोक हसले.'

चुकांच्या यादीत. पुस्तकाशी याचा काय संबंध, असं मी विचारलं नाही. त्याच्या हिशेबी सिनेमावाल्यांनी जेवढं चुकवलं तेवढंच आम्ही चुकवलं होतं. आणि त्या 'लोक'मध्ये मी होते हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण माझी कोपरखळी त्याच्या बरगडीला लागली होती.

रिकमन १४ जानेवारी २०१६ला गेला. किंग्ज क्रॉसला भिंतीत अर्धी घुसलेली ढकलगाडी ठेवलीय, तिच्याजवळ लोकांनी फुलं आणून ठेवली, चिठ्ठ्या ठेवल्या. त्या दिवसांत रोलिंगनी सांगितलं की त्याला आधी सांगून ठेवलेलं गुपित म्हणजे त्या एका शब्दामागची गोष्ट. मी भावाला मेसेज केला, मराठीत काय म्हणायचं ते अजून सुचलेलं नाही. त्याचं उत्तर: "राहू दे." १ सप्टेंबर २०१७ला, म्हणजे गोष्टीतली ती एकोणीस वर्षं खरोखर भरली त्या सकाळी, अकराच्या गाडीसाठी त्याच स्टेशनवर शेकडो लोक जमले. गाडी अर्थात येणार नव्हती. मोठ्या माणसांनी आकडे उलटे मोजले आणि अकरा वाजता टाळ्या वाजवून ते कामावर गेले. आम्ही दोघांनी त्याचा व्हिडिओ वेगवेगळ्या शहरांत बसून पाहिला.

मग २०२३मध्ये जाहीर झालं की सगळी पुस्तकं पहिल्यापासून पुन्हा येणार, या वेळी टीव्ही मालिका म्हणून. एका पुस्तकाला अख्खा सीझन. भावाचा फोन आला. कोण हॅरी, कोण स्नेप, काही नाही. थेट, "डोळे कुठले घेतायत काही कळलं का?"

मध्यंतरी तो राहायला आला होता. तेव्हा तो शेवटचा सिनेमा आम्ही दोघांनी पुन्हा लावला, घरच्या टीव्हीवर, साध्या चष्म्यांनी. छोट्या लिलीचा चेहरा जवळ आला तेव्हा तो म्हणाला, "तपकिरी." मी म्हटलं, "हो." मग तिला छातीशी धरून बसलेला रिकमन. भाऊ काही बोलला नाही. प्रसंग संपल्यावर म्हणाला, "थांब, जरा मागे घे." मी घेतलं. त्याने पुन्हा पूर्ण पाहिलं. तिसऱ्यांदाही मागे घ्यायला लावलं आणि रिमोट स्वतःकडेच ठेवला.

प्लॅटफॉर्म आला. मी पस्तिशी ओलांडलीय आता. त्या पडद्यावरच्या माणसांचं वय माझ्यापासून हाताच्या अंतरावर आहे. हॅरीची मैत्रीण हर्माइनी जाणाऱ्या गाडीकडे बघत उभी राहते, ते उभं राहणं मला नीट दिसलं. थिएटरमध्ये मी हे पाहिलंच नव्हतं; मी रॉनचं पोट बघत होते. हॅरी खाली बसून पोराच्या कानाशी बोलतो, तेव्हा त्याच्या कोटाच्या खांद्याला सुरकुती पडते. इतका वेळ गेला तरी मला हसू आलं नाही.

शेजारून खुदकन आवाज आला. सत्तावीस वर्षांचा माझा भाऊ, उशी पोटाशी धरून, रॉनकडे बघून हसत होता. माझ्याकडे पाहिलं आणि एकदम गप्प झाला.

मी म्हटलं, "वही आण."